दहा नावांची पाटी

"काढा तो मोबाईल खाली," मी म्हणाले.

चौघं होते. दोन नवरे, दोन बायका, रविवारची सकाळ, अंगावर फिरायला निघाल्याचे कपडे. त्यातल्या एकीनं पत्र्यावरच्या फोटोंकडे पाठ केली होती आणि हात लांब करून ती स्वतःला आणि फोटोंना एकाच चौकटीत बसवत होती.

"आम्ही श्रद्धांजली वाहायला आलोय," ती म्हणाली.

"मग वाहा की. त्यासाठी दात कशाला दाखवायला लागतात?"

तिचा नवरा मध्ये पडला. पुरुष अशा वेळी हटकून माहिती विचारतात. "नक्की कुठला भाग पडला हो?"

"जो दिसत नाहीये तो."

चौघं गेले. 'काय उर्मट बाई आहे' हे मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत गेले. मी सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे. हा शब्द मला दिवसातून चारदा ऐकायला मिळतो, आणि तो खरा आहे. मी बादलीत फडकं पिळलं आणि पुढच्या फोटोची काच पुसायला घेतली.

पूल म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. कालव्यावरचा लोखंडी पादचारी पूल. अलीकडे वस्ती, पलीकडे बाजार आणि कचेऱ्या. नऊ महिन्यांपूर्वी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्याचा मधला तुकडा खाली गेला. बारा माणसं मेली. आता अलीकडच्या बाजूला जिना आणि वर चार-पाच हात पूल उरलाय. कुणी चढू नये म्हणून जिन्यासमोर पत्रे ठोकलेत, आणि त्या पत्र्यांवर आम्ही आमच्या माणसांचे फोटो लावलेत. खाली बाटल्यांमध्ये फुलं, एक हेल्मेट, एक छत्री, एकच बूट, शाळेची पाण्याची बाटली. हे कुणी ठरवून मांडलेलं नाही. ज्याला जे सापडलं ते त्यानं आणून ठेवलं.

फोटो अकरा आहेत. बारावा आम्ही लावू दिला नाही.

आम्ही म्हणजे अकरा घरं, पण खरं तर तिघं. एक मी, माझी धाकटी बहीण त्या पुलावर होती. दुसरे मास्तर, निवृत्त आहेत, त्यांची बायको गेली. आमची एक समिती आहे आणि मास्तर तिचं इतिवृत्त लिहितात, तारीख-वार घालून. तिसरा इस्त्रीवाला. त्याची मुलगी अठरा वर्षांची होती. तो पूर्वी फार बोलायचा. आता बोलत नाही, एकदम भडकतो.

बारावा फोटो रंगाऱ्याच्या बायकोचा. पूल पडण्याआधी तीन आठवडे ज्यानं तो रंगवून दिला, तो हा रंगारी. चौकशीच्या अहवालात त्याच्यावर एक परिच्छेद आहे, मास्तरांना तो तोंडपाठ आहे. पुलाच्या खालच्या तुळया गंजून त्यांना भोकं पडली होती. रंगाऱ्यानं ती लांबी भरून बुजवली, भिंतीतली भेग बुजवतात तशी, वर पॉलिश पेपर मारला आणि रंगाचे दोन हात दिले. त्यानंतर तपासणीला साहेब आले. त्यांना भोक दिसलं नाही. त्यांनी 'स्थिती उत्तम' असं लिहून सही ठोकली.

साहेब जामिनावर आहेत. कंत्राटदार तर आजारीच आहे, नऊ महिने आजारी आहे, एवढं आजारी माणूस जगतं कसं कोण जाणे. मुकादमानं हात झटकले. या तिघांपैकी एकाचाही चेहरा आम्ही समोरून पाहिलेला नाही. रंगारी मात्र दोन गल्ल्या सोडून राहतो. आमच्या हाताला तेवढा एकच लागला, म्हणून त्याच्यावर आमचा सगळा राग. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळून काय होतं?

त्यानं तीनदा येऊन तो फोटो लावला होता आणि तिन्ही वेळा तो मीच काढला. फेकला नाही. मेलेल्या बाईचा फोटो कचऱ्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं. तिन्ही फोटो घरी, स्वयंपाकघरातल्या खणात पालथे पडून होते.

त्या रविवारी तो चौथा फोटो घेऊन आला, आणि नेमका नगरपालिकेचा कारकूनही तेव्हाच आला.

कारकून हातात कागद धरूनच स्कूटरवरून उतरला. पत्रे काढायचे आहेत, म्हणाला, उरलेला जिना पाडायचाय. त्याआधी इथं एक पाटी लागेल, निळ्या रंगाची, मृतांची नावं असलेली. पाटी पक्की असेल, फोटो मात्र आपापले घरी न्यावेत.

"नावं किती?" त्यानं विचारलं. "आमच्या नोंदीत बारा आहेत."

"अकरा," इस्त्रीवाला म्हणाला.

"आमचे साहेब म्हणालेत, समिती लिहून देईल ती नावं घालायची. तिघांच्या सह्या घ्या, पण एकदाच काय ते ठरवा. पाटी लागल्यावर भांडणं नकोत."

रंगारी दहा पावलांवर उभा होता. उंच, वाकलेला माणूस, पन्नाशीचा असेल. आजवर तो आम्ही नसताना यायचा, फोटो लावून निघून जायचा. आज आम्ही असताना आला, कारण पाटीचं त्याच्याही कानावर गेलं असणार. फोटो त्यानं छातीशी उलटा धरला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "मला नका घेऊ तुमच्यात. तिचं नाव तेवढं राहू द्या."

"तू जा इथून," मी म्हणाले.

"जातो. तिनं काय केलंय पण? ती माझा डबा घेऊन निघाली होती. मी बाजारात एक दुकान रंगवत होतो."

मास्तरांनी चष्मा वर केला. शिकवायची सवय जात नाही. "तिनं काही केलं नाही हे मान्य. पण ज्यानं भोकं बुजवली त्याच्या घरचं नाव आमच्या माणसांच्या शेजारी, हे पटायचं नाही. पूल धोक्याचा आहे याची तुला काहीच कल्पना नव्हती, असं तू चौकशीत सांगितलंस. खरं आहे ते?"

त्यानं हो म्हणायचं होतं. हो म्हणाला असता तर मास्तर विरघळले असते. मास्तर पटकन विरघळतात.

"पूल पडेल असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "पण भोकं मोठी होती. मी तिला म्हटलं होतं, तू आपली गाड्यांच्या मोठ्या पुलावरून फिरून येत जा."

मग इस्त्रीवाला पुढं झाला.

"बायकोला सांगितलंस," तो म्हणाला. "आपल्या बायकोला बरोबर सांगितलंस. आणि माझ्या पोरीला? मी तुझे कपडे करत होतो रे! दर आठवड्याला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचास. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बायकोनंही ऐकलं नाही," रंगारी म्हणाला. "हसली. म्हणाली, तुम्ही रंगवलेल्या पुलावरून मी नाही जायचं तर कुणी जायचं? मला... मलाही बरं वाटलं ते ऐकून. मग मी पुन्हा नाही म्हटलं."

इस्त्रीवाल्यानं त्याच्या हातातून फोटो ओढला आणि कालव्यात भिरकावला. काठावरच्या दगडावर काच फुटली, फ्रेम पाण्यात गेली. कारकून स्कूटरमागं सरकला. रंगारी हलला नाही, हातही तसेच छातीपाशी.

"बाई," मास्तर माझ्याकडं वळले, "तुमचं मत सांगा. इतिवृत्तात घ्यायचंय."

मी माझ्या बहिणीच्या फोटोकडे बघितलं नाही. समोर कागद होता, त्याकडे बघितलं.

"अकरा," मी म्हणाले, आणि सही केली.

घरी येऊन चहा टाकला आणि साखर काढायला म्हणून चुकीचा खण ओढला. तिघीही पालथ्या. म्हणजे एकच बाई, तीनदा. मी एक फोटो उलटा केला. तोवर मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता, काढायचा आणि पिशवीत कोंबायचा एवढंच. कुठल्या तरी समारंभातला फोटो असावा, घोळक्यातून कापून काढलेला; तिच्या खांद्याला दुसऱ्याच कुणाचं तरी कोपर चिकटून राहिलं होतं. ती चौकटीबाहेरच्या कुणाकडं तरी बघून हसत होती. साधी बाई, पुढचा एक दात जरा तिरका. बसमध्ये अशा रोज पन्नास बघते मी.

तुम्ही रंगवलेल्या पुलावरून मी नाही जायचं तर कुणी जायचं. ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

माझी धाकटी भित्री होती. लिफ्टला घाबरायची, कुत्र्याला घाबरायची, फटाफट बोलणाऱ्या माणसालाही घाबरायची. मी तिला भागूबाईच म्हणत असे. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची आणि मी सतराची, तेव्हापासून तिनं कुठली चप्पल घालायची इथपासून कुठं नोकरी करायची इथपर्यंत सगळं मी ठरवलं. चष्म्याच्या दुकानात तिला मीच लावली. दुकान पलीकडं बाजारात, पुलावरून पंधरा मिनिटांवर. पण पूल करकरतो म्हणून ती त्यावर पाय ठेवायची नाही. मग काय, रोज सकाळी माझ्याच बसमध्ये. मोठ्या पुलावरून वळसा घालून पाऊण तास. दाराजवळच्या सीटवर बसायची, मांडीवर डबा, आणि मी गर्दीत कुणावर ओरडले की माझ्याकडं अशी बघायची की जणू मी तिच्यावरच ओरडतेय. ड्रायव्हर चेष्टा करायचा, "आल्या का धाकट्या मालकीणबाई? आता काढू का गाडी?" माझं डोकं फिरायचं.

पूल रंगवून झाल्यावर दोन आठवड्यांनी मी तो बघून आले. चकाचक दिसत होता. कठड्यावरून हात फिरवला तर हाताला काही लागेना, इतका गुळगुळीत. घरी येऊन मी धाकटीला म्हणाले, "उद्यापासून पुलावरून जायचं. नवा केलाय. रोज उठून माझ्या बसमध्ये डोळ्यांसमोर नको."

ती म्हणाली, "बरं."

सहा दिवस ती पुलावरून गेली. सहाव्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती मध्यावर होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. समितीला नाही, ड्रायव्हरला नाही. नऊ महिने दर रविवारी मी पत्र्यापाशी उभी राहून रंगाऱ्याला शिव्या घातल्या, आणि शिव्या घालताना मला फार बरं वाटायचं, हे खरं खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी दुपारी संपली. गणवेशावरच, तीन फोटो पिशवीत घालून मी त्याच्या घरी गेले.

लाकडाच्या वखारीमागची एक खोली. दार उघडंच होतं. बाहेर दुसऱ्यांच्या भिंती रंगवत हिंडलेल्या माणसाच्या खोलीला रंग म्हणून नव्हता; गिलावा पोपडे धरून उभा होता. कोपऱ्यात डब्यात ब्रश होते, सगळे वाळून कडक झालेले. नऊ महिन्यांत त्याला कुणी काम दिलेलं दिसत नव्हतं. कॉटवर पाचवा फोटो होता.

"पाच काढले होतेस?" मी दारातूनच विचारलं.

"तुम्ही काढून टाकणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "आत या" म्हणाला नाही. मीही गेले नाही. पिशवीतून तिन्ही फोटो काढून उंबऱ्यावर ठेवले.

"तुझी भोकं किती मोठी होती?" मी विचारलं.

मी भांडायला आलेय की ऐकायला, हे त्याला कळेना, आणि मलाही कळत नव्हतं.

"खरवडायला घेतलं तर तारेचा ब्रश आरपार गेला," तो म्हणाला. "ब्रश, बाई. हातोडा नव्हे. मुकादमाला हाक मारली, म्हटलं हे बघा. तो म्हणाला, तुला रंगवायला आणलंय का बघायला? मग मी आत कागद कोंबला आणि वरून लांबी भरली. सुकू दिली. पॉलिश पेपर मारला, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. उन्हात उलटा लटकून. एवढं कुणी करत नाही पुलाच्या खालच्या अंगाला, तिथं कोण बघतंय? पण मला खडबडीत सोडवत नाही. साहेब आले, त्यांनी हात फिरवला आणि 'वा' म्हणाले. तीस वर्षांत कुठल्या साहेबानं माझ्या कामाला हात लावला नव्हता."

"हे चौकशीत सांगितलंस?"

"मुकादमाचं सांगितलं. तो म्हणाला, मी असं बोललोच नाही. भोकं किती मोठी ते मीच नाही सांगितलं. घाबरलो. मी कामचुकार असतो ना, चार फटकारे मारून पळालो असतो, तर साहेबाचं बोट त्या भोकात अडकलं असतं. पूल बंद झाला असता."

त्याला मी काही बोलेन असं वाटलं असावं. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"माझी बहीण पुलावरून जात नव्हती. मी पाठवलं तिला. तुझा रंग बघून."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं बोलले, तेही कुणापाशी तर या माणसापाशी. मी दाराची चौकट धरली. तो उठला नाही, पाणी दिलं नाही, तसं नका म्हणू असंही म्हणाला नाही.

"मग इतके दिवस मला का शिव्या देत होतात?" त्यानं विचारलं.

"कारण तू त्याच लायकीचा आहेस."

"ते आहेच," तो म्हणाला. "पूल माझ्या अंगावर. ते मी कुठं नाही म्हणतो? पण तुमच्या बहिणीला पाठवलं ते तुमचं. ते माझ्या अंगावर नका टाकू. माझ्याकडं आधीच फार आहे."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिथंच त्याच्या थोबाडीत द्यावी. बसमध्ये असते तर पुढच्या थांब्यावर उतरवला असता. पण उतरवायचं कुठून, मीच त्याच्या दारात उभी होते. मी एक फोटो उंबऱ्यावरून परत उचलला, पिशवीत टाकला आणि निघाले.

मास्तरांकडं गेले तर इस्त्रीवालाही तिथंच होता. इतिवृत्तावर सही करायला आला होता. मी म्हणाले, बारा नावं घालू या.

"बाई, काल तुम्हीच अकरा म्हणालात," मास्तर वही उघडत म्हणाले. "हे बघा, वेळेसकट लिहिलंय."

"मग आजचं लिहा. मास्तर, धाकटीला पुलावर मी पाठवलं. ती जात नव्हती. मी जा म्हणाले."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला काही माहीत नव्हतं."

"त्या बाईला तरी काय माहीत होतं? नवऱ्याचं काम चांगलं आहे एवढंच. तिनं रंगावर विश्वास ठेवला, मी ठेवला, माझ्यामुळं धाकटीनं ठेवला. मेलेली बाई रंगारी नव्हती, मास्तर."

मास्तर खिडकीकडे बघायला लागले. ते मनातून माझ्या बाजूला आले होते, पण बोलायची ताकद नव्हती. इस्त्रीवाला बोलला. त्याचा आवाज आज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"ताई, मी त्या पाटीखालून रोज कपडे घेऊन जाणार. रोज वाचणार. माझ्या पोरीच्या नावाखाली त्याच्या बायकोचं नाव मी वाचू? त्याला माहीत होतं, ताई. एक शब्द बोलला असता तर माझी पोर घरी असती. तुम्हाला इतकाच कळवळा असेल तर ती बाई राहू द्या आणि माझ्या पोरीचं नाव काढा."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, वर आणखी चार शिव्या घातल्या असत्या.

"तुमच्या पोरीचं नाही काढायचं," मी म्हणाले. "तिचं राहू दे."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेले तर कारकून डबा खात होता. मला बघून त्यानं झाकण लावलं, त्याला रविवार आठवला असावा.

"मॅडम, यादी गेली पुढं."

"परत मागवा. बारावं नाव घालायचंय."

"तिघांच्या सह्या लागतील."

"नाव काढायला किती लागतात?"

तो गोंधळला. "काढायला... म्हणजे घरच्यांनी लिहून दिलं, आमची हरकत आहे, तर काढतो आम्ही. एकाची सही पुरते. पण असं कोण देतं?"

मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. लिहिलं, माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव पाटीवर घालू नये. बारा घालत नसाल तर ते काढावं. खाली सही, हुद्दा कंडक्टर, बिल्ला क्रमांक.

त्यानं दोनदा वाचलं. "मॅडम, रागाच्या भरात करू नका. पाटी एकदा लागली की लागली. तुमची बहीण आहे."

"माहीत आहे मला कोण आहे ती."

"उद्या कुणी वाचलं तर ती इथं होती हे कळणारसुद्धा नाही."

"शिक्का मारा," मी म्हणाले.

त्यानं शिक्का मारला. जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की धाकटीला मी विचारलं नाही. तिच्या वतीनं पुन्हा मीच ठरवून मोकळी झाले. विचारलं असतं तरी ती "बरं"च म्हणाली असती. मी जिन्याच्या कठड्याला धरून तिथंच खाली बसले आणि रडले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, माणसं वर-खाली करत असताना, गणवेशावर. एक बाई म्हणाली, "काम नाही का झालं?" मी म्हणाले, "झालं."

पंधरा दिवसांनी पत्रे निघाले. जिना पाडला. पाटी लागली, निळी, पांढऱ्या अक्षरांची, वर पालिकेचं चिन्ह. दहा नावं. मास्तरांच्या बायकोचं पहिलं, वयानं मोठी म्हणून. इस्त्रीवाल्याच्या मुलीचं शेवटून दुसरं. लोक येतात, बोटानं मोजतात, कुणीतरी म्हणतं, पेपरात तर बारा आलं होतं. मग कुणीतरी म्हणतं, पेपरवाले काहीही छापतात.

पाटीच्या पुढं कालव्याला लागून जुन्या कठड्याचा एक तुकडा राहिलाय, कंबरेएवढा. पाडायचा विसरले असतील किंवा पुढच्या वर्षीच्या कामात असेल. त्याला मी तारेनं दोन फोटो बांधले. धाकटीचा, आणि शेजारी त्या तिरक्या दाताच्या बाईचा. समितीनं हरकत घेतली नाही. मास्तर मान हलवतात आणि पुढं जातात. इस्त्रीवाला माझ्याशी बोलत नाही. माझे गणवेशाचे कपडे आता मी घरीच करते.

काल रविवारी मी काच पुसत होते तेव्हा रंगारी आला. बराच वेळ मागं उभा राहिला. मी वळले नाही. मग तो पुढं आला, खिशातून स्वतःचं फडकं काढलं आणि बायकोच्या फोटोची काच पुसायला लागला, वरून खाली, एकावर एक, कुठं रेघ राहू न देता.

"माझ्या बहिणीच्या काचेला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

त्यानं लावला नाही.